उसवता येईल अशी शिवण

फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दहावीच्या हॉलतिकिटांवरची नावं रजिस्टरशी ताडून बघत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एसटीडी बूथवरून रुक्माकाकी बोलत होती. "जानके, काका उठेनात. डॉक्टर येऊन गेले," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला, हॉलतिकिटांचा गठ्ठा कपाटात घालून कुलूप लावलं आणि कागद घेऊन लिहायला बसले. भटजी. बर्फ. कोइमतूरच्या आत्याला तार. बांबू. दुकानाची किल्ली शेजाऱ्यांकडून घेणे... असे नऊ मुद्दे झाले. तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आल्या, माझ्या तोंडाकडे बघून "कोण गेलं?" म्हणाल्या, आणि मला नाव उच्चारता येईना. यादीत बाकी सगळं होतं.

नागोजीराव माझे धाकटे काका. तंजावूरच्या राजवाड्याच्या मागच्या बाजूला त्यांचं शिवणकामाचं दुकान. गल्लीतली माणसं त्यांना 'राव मास्टर' म्हणत. त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. एवढ्या काळात मी त्यांच्याबद्दल इतकी गोड वाक्यं ऐकली की डोकं दुखायला लागलं. गेल्या पंधरवड्यात इथल्या एका मंडळानं शोकसभा घेतली. एक गृहस्थ अर्धा तास बोलले. हातानं केलेल्या कामात आत्मा असतो, यंत्रानं माणूस पोकळ होतो, राव मास्टर गेले आणि एक युग संपलं, वगैरे. अंगात तयार शर्ट. काकांकडून त्यांनी कधी साधी उशीची खोळही शिवून घेतली नव्हती. दुसरे एकजण बाहेर चपला घालता घालता मला म्हणाले की आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, कशाला जुनं धरून बसायचं. मला दोघांचाही सारखाच राग आला, कारण काका नक्की काय करत होते हे दोघांनाही माहीत नव्हतं. ते नीट सांगावं म्हणून हा लेख. आमच्यात, तंजावूरच्या मराठी लोकांत, देवनागरी वाचणारी माणसं थोडी. माझी आई मिरजेची, म्हणून मला येते. काकांना येत नव्हती, तेव्हा हे त्यांनी वाचलं नसतंच. वाचून दाखवलं असतं तर मध्येच उठून गेले असते.

आमच्याकडच्या देवळांच्या रथांना उत्सवात कापडी तोंबै लावतात. तोंबै म्हणजे पुरुषभर उंचीची कापडाची पोकळ नळी. आत वेताची कडी असतात, आणि ती रथाच्या कडेनं टांगतात. लाल, पिवळ्या, हिरव्या कापडाच्या पट्ट्या, आणि त्यांवर वेगळ्या कापडातून कापलेले हत्ती, मोर, कमळं, सिंहाच्या तोंडाची याळी शिवलेली. रथ हलला की तोंबै झुलतात आणि चित्रं चालायला लागतात. काकांच्या घरात हे काम चार पिढ्या होतं. माझे वडील त्यातून निसटून कारकून झाले, काका राहिले.

त्यात एक पद्धत होती, ती समजली नाही तर पुढचं काही समजणार नाही. ऊन, धूळ आणि माणसांचे हात लागून तोंबैचं खालचं कापड दोन-तीन वर्षांत विरतं. वरची चित्रं मात्र बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची असतात. काकांच्या आजोबांच्या वेळची ती बनात आता कुठे मिळत नाही. तिच्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि तिचा रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून उत्सव संपला की तोंबै दुकानात परत येत. काका शिवण उसवून हत्ती अख्खे सुटे करत, नवं कापड कापत आणि तेच हत्ती पुन्हा शिवत. एकेका हत्तीनं असं कितीदा कापड बदललं असेल त्याची मोजदाद नाही. उलट्या बाजूला जुन्या टाक्यांची बारीक भोकं दिसायची, त्यांतूनच काकांची सुई जायची. आजोबांनी जिथे सुई घातली तिथेच.

मी शाळेतून परतताना दुकानात डोकावत असे. पसारा मला सहन होत नाही. एकदा सुट्टीत मी सगळं दुकान लावून दिलं: दोऱ्यांचे डबे रंगाप्रमाणे, तुकडे मापाप्रमाणे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. आठ दिवसांनी गेले तर चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या आणि डब्यांतला माल पूर्ण बदललेला. 'पिवळा दोरा' लिहिलेल्या डब्यात वेलदोडे होते.

"काका, हे काय केलंत?"

"तूं लिहिलेंस म्हणून पिवळें होईल काय गे?" काका म्हणाले. "हात जातो तेथें माल ठेवितों. तुझी चिठ्ठी जाते तेथें माझा हात जात नाहीं."

आमची ही मराठी ऐकून तुमच्याकडचे लोक हसतात, तरी काकांचे शब्द मी आहेत तसेच ठेवले आहेत. त्या दिवसापासून माझं नाव 'लिस्टम्मा' पडलं. दुकानात गिऱ्हाईक असलं तर त्याच्यासमोर: "ही आमची लिस्टम्मा. हिच्या घरीं सांबारसुद्धा वही पाहून उकळतें."

मी चिडायची, पण जाणं थांबवलं नाही. काका साठीला आले तेव्हा मला काळजी लागली. हे काम कुणी शिकत नव्हतं. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेल्या होत्या. मग मी एक वही केली आणि रोज संध्याकाळी तासभर त्यांच्याजवळ बसून लिहायला लागले: कापड किती, दोरा कुठला, मेण कधी लावायचं. कंटाळा येईल असे प्रश्न मी विचारले हे मान्य आहे, पण उत्तरं तरी बघा. एका हत्तीला टाके किती? "पुरे होत पावेतो." टाका किती घट्ट? "कापड रागावूं नये इतका." कापड रागावलं हे कळतं कसं? त्यावर त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि सुई दिली. मी सुई ठेवली आणि पेन्सिल परत घेतली. मला शिवायचं नव्हतं, मला ते लिहून ठेवायचं होतं. म्हणजे कुणालाही शिवता आलं असतं... असं मला वाटायचं. वहीची अकरा पानं भरली आणि त्यातल्या एकाही पानावरून रुमालसुद्धा शिवता येणार नाही.

ही ती वर्षं, जेव्हा घराघरावर केबलच्या तारा आल्या, परदेशी माल खुला झाला, आणि बाजारात चकचकीत सॅटिन दिसायला लागलं. माझ्या शाळेत पहिला कॉम्प्युटर आला. मी तो शिकले आणि मला तो मनापासून आवडला. तीन दिवसांचं काम एका दुपारी व्हायचं. त्याच सुमारास काकांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आखडायला लागलं. सकाळी ते कोमट पाण्यात धरून बसायचे. तिरुवैयारुच्या पलीकडे एका गावात देऊळ आहे, त्याच्या रथाचे आठ तोंबै काकांच्या घरानंच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले होते. त्या वर्षी त्यांतल्या चारांचं कापड बदलायचं होतं. उत्सवाला महिना उरला होता आणि हत्ती, याळी सगळे उसवून पाटावर पडलेले. देवळाचे व्यवस्थापक सुब्बय्या बसनं येऊन रोज विचारून जायचे. काका सकाळी शिवायला बसत आणि संध्याकाळपर्यंत एक कमळसुद्धा पुरं होत नसे.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन बाजू लिहिल्या, डावीकडे हात, उजवीकडे मशीन, आणि कोइमतूरहून मोटरवर चालणारं झिगझॅग मशीन आणलं. काकांना विचारलं नाही. टेम्पोतून उतरवल्यावरच त्यांना कळलं.

शोकसभेतल्या गृहस्थांना आवडेल अशी गोष्ट इथे घडायला हवी होती. म्हातारा कारागीर मशीनकडे पाठ फिरवतो, वगैरे. तसं काही झालं नाही. काका मशीनभोवती दोनदा फिरले, खाली वाकून पट्टा बघितला, चिंधी घालून चालवून पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. "बेस आहे गे! कुत्र्याचे पाठीं मांजर पळतें तसें पळतें." बारा दिवसांत चारही तोंबै तयार झाले. नायलॉनचा दोरा, दाट झिगझॅग, कडा कशा आखल्यासारख्या. काकांच्या हातची शिवण जवळून थोडी वाकडी दिसायची, ही कुठूनच वाकडी नव्हती. रथाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. सुब्बय्या मला म्हणाले, "बाईंनी वाचवलं." मी ते वाक्य घरी येऊन तीन जणांना सांगितलं.

तीन वर्षांनी ते चार तोंबै पुन्हा दुकानात आले. कापड विरलं होतं. त्या दिवशी मी तिथेच होते. काकांनी नेहमीसारखं ब्लेडचं टोक याळीच्या कडेखाली सरकवलं आणि दोरा ओढला. दोरा आला नाही. झिगझॅगचे टाके एकमेकांत इतके गुंतलेले की एकेक कापावा लागत होता. काकांनी चिमटा घेतला, चष्मा बदलला, कापत राहिले. मग त्यांनी याळी हलकेच उचलली आणि तिची कड मागेच राहिली. दाट भोकांच्या रांगेवर बनात फाटली होती, पोस्टाचं तिकीट फाटतं तशी. दुसरी याळी. मग हत्ती. काका एकेक करून सगळे तपासत होते. संध्याकाळी चार तोंबैंवरचे सगळे हत्ती, सगळ्या याळी कडा नसलेल्या ढिगात पडल्या होत्या. शंभर वर्षांत ऊन, पाऊस, उंदीर यांना जे जमलं नाही ते माझ्या कागदावरच्या उजव्या बाजूनं केलं.

मी त्यांच्यावरच ओरडले, हे लिहायला हवं. तुम्हाला ठाऊक होतं तर तेव्हाच का बोलला नाहीत, तुमचं सगळं असं पोटात ठेवता म्हणूनच हे होतं, असं पुष्कळ. गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं.

काकांनी मला बोलून संपवू दिलं. "मजला तरी कोठें ठाऊक गे?" ते म्हणाले. "मशीन आवडलें म्हणून शिवलों. उसवितां वेळीं कळ्ळें."

"पण आजवर हातानंच का शिवत होतात मग?"

"हातच होता म्हणून," काका म्हणाले. फाटक्या याळीवरून बोट फिरवलं. "परंतु आमच्या आजानें शिवितांना हें मागून कोण्ही उसवील म्हणून शिवलें. ह्या मशीनला तें सांगायचें आपण विसरलों. मशीनचें काय चुकलें? तें आपलें काम करून गेलें."

ह्यापलीकडे त्यांनी ह्या विषयावर कधी काही सांगितलं नाही, पण मी त्यावर पुष्कळ वेळ घालवला आहे. हाताचं काम मोठं कशानं? मेहनतीनं म्हणावं तर बैलही मेहनत करतो. सुबक म्हणावं तर मशीनची शिवण जास्त सुबक होती. मला एकच उत्तर सापडतं: हातानं करणाऱ्याला चुकांची सवय असते. आपण चुकणार, कापड विरणार, मागून कुणीतरी हे उघडणार, हे तो गृहीत धरतो आणि तेवढी जागा ठेवतो. आमच्या नव्या वस्तू अशा बनतात की उघडल्या की संपल्या. घरातला रेडिओ बिघडला तर दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. ह्यात यंत्राचा दोष नाही, काका म्हणाले तसं. सांगायचं आम्ही विसरलो, आणि आता सांगायचं काय हेच आठवत नाही. ह्याचा मला जो संताप येतो त्याचं काय करावं ते कळत नाही.

काकांनी ते मशीन विकलं नाही. पडद्यांच्या कडा, शाळेच्या स्कर्टच्या पट्ट्या सगळं त्यावरच शिवायचे. फाटलेल्या याळींचे कागदी नमुने काढून त्यांनी नव्या कापडातून चारही तोंबै पुन्हा केले. आखडलेल्या बोटानं, हातानं, दोन वर्षं लागली. उरलेले चार तोंबै जुन्या बनातीचे. त्यांचं कापड बदलायची पाळी ह्या वर्षी होती. ते दुकानात आले आणि पाचव्या दिवशी काका गेले.

म्हणजे प्रश्न आता माझ्यापुढे आहे. तेरावा झाल्यावर सुब्बय्या आले, काकीजवळ बसून रडले, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की कुंभकोणमला एक दुकान आहे, कॉम्प्युटरवर भरतकाम करतं, चार नवे तोंबै दहा दिवसांत देतं. जुन्यांचं काय? "जुन्यांचं काय करणार, बाई? सांगा तुम्हीच. चैत्रात रथ आहे. उघडा रथ ओढू का?" त्यांचं चूक नव्हतं. मी महिन्याअखेरपर्यंत मुदत मागितली.

शिवू शकतील अशांच्या माझ्या यादीत पहिलं नाव काकीचं होतं. चाळीस वर्षं कच्चे टाके तिनंच घातले होते, तिला सगळं येतं. मी गेले तेव्हा काकी टीव्ही बघत होती. मी नीट मांडून सांगितलं: पिढ्यांचं काम, शेवटचे चार, तुझ्याशिवाय कुणी नाही. काकीनं आवाज थोडा कमी केला.

"मी शिवणार नाहीं," ती म्हणाली.

"अगं पण काकी, हे बुडेल."

"बुडूं दे. मिक्सी आली तेव्हां कोण्ही रडलें काय? वाटून वाटून माझे खांदे गेले होते, सगळे म्हणाले, बरें झालें रुक्मा, सुटलीस. कच्चे टाके घालून डोळे गेले त्याचें कोण्ही भाषण केलें? मला ही सिरीयल पाहूं दे गे. तुजला इतकें वाटतें तर तूं शीव."

तिचं खरं होतं. हाताच्या कामाचं कौतुक करणाऱ्यांनी आधी हे विचारायला हवं की ते हात कुणाचे आणि त्यांना विचारलं होतं का. मी वहीची अकरा पानं लिहिली, त्यात काकीला एक प्रश्न विचारलेला नाही.

मग मीच शिवायला घेतलं. गेले तीन रविवार मी दुकानात बसते आहे. वही बरोबर नेत नाही, तिचा उपयोग नाही. पहिल्या रविवारी एका हत्तीची शिवण उसवायला घेतली. कड उचलली तर खाली, पोटाजवळ, बोटभर दोरा मोकळा ठेवलेला, दुमडून आत सरकवलेला. गाठ नाही. तो धरून ओढला आणि अख्ख्या हत्तीची शिवण एका दमात सुटत आली, पोटापासून सोंडेपर्यंत आणि परत. हत्ती पाटावर निवांत पडला. मी दुसरा बघितला, तिसरा बघितला. प्रत्येकाच्या पोटाखाली तो बोटभर दोरा. हे काकांनी मला कधी सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, दोरा ठेवतों, त्यांत सांगायचें काय... आणि मी पुन्हा चिडले असते. ह्या खेपेलाही चिडलेच. रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हटलं, "हे एवढं तरी लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

शिवण मात्र मला येत नाही. नवं लाल कापड कापलं, हत्ती ठेवला, जुन्या भोकांतून सुई घालायला गेले तर दोन भोकांमधला दोरा मी कुठे सैल ठेवते, कुठे ओढते. कापड रागावलेलं आता मला ओळखता येतं, फार चांगलं ओळखता येतं. ते आठ्या घालतं. बोटाला अंगुस्तान बसत नाही. दोन रविवारांत अर्धा हत्ती. ह्या हिशेबानं चार तोंबै माझ्या निवृत्तीनंतर पुरे होतील. काल सुब्बय्यांना फोन करून सांगितलं की कुंभकोणमला तीन नवे सांगा, चौथा मी देते. "जुने तीन?" त्यांनी विचारलं. जुने तीन उसवून ठेवते, म्हटलं, हत्ती सुटे करून, कापडात गुंडाळून. कुणी शिवणारं निघालं तर मिळतील. ते म्हणाले, "एकच तोंबै वेगळा दिसेल, बाई." दिसू दे, मी म्हणाले.

आज दुपारी हत्तीची उरलेली बाजू पुरी झाली. उचलून उजेडात धरला. सोंडेजवळ कापड गोळा झालं होतं, एक पाय दुसऱ्याहून आखूड दिसत होता. काकी मधल्या दारात येऊन उभी राहिली, हातात कॉफीचा दबरा-टंबलर, खोल वाटीत ठेवलेला पेला. "हें काय, हत्ती लंगडा?" म्हणाली, आणि मी फणकाऱ्यानं पोटाखालचा दोरा शोधला. विसरले नव्हते, ठेवला होता. ओढला. माझे वेडेवाकडे टाके एकामागून एक सुटत गेले, आणि सगळा दोरा माझ्या मांडीवर येऊन पडला. मी हत्ती उलटा करून कड तपासली, बोट फिरवून, चष्म्याखालून. बनातीला कुठेही काही झालं नव्हतं.

"कॉफी घे," काकी म्हणाली, "आणि मग पुन्हां शीव."